हात बसू द्या



टायपिंग शिकलेल्यांना आठवत असेल. पहिले कित्येक दिवस एकच ओळ. ए, एस, डी, एफ. पुन्हा ए, एस, डी, एफ. करंगळी दुखायची. वाटायचं, आपण अख्खं पत्र कधी टाइप करणार? सर म्हणायचे, आधी हात बसू द्या.

आपल्या नागपुरात अशीच एक टायपिंगची संस्था होती. ती चालवणाऱ्या गृहस्थांच्या मुलाला सिनेमाची ओढ. तो मुलगा म्हणजे दिग्दर्शक राजकुमार हिरानी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते संकलन शिकले. मग कितीतरी वर्षं जाहिराती केल्या. ‘मिशन काश्मीर’ दुसऱ्याचा चित्रपट, त्याचं संकलन केलं. स्वतःचा पहिला चित्रपट, ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’, आला २००३ साली. तेव्हा चाळिशी उलटली होती.

मला त्या मधल्या वर्षांचं फार मोल वाटतं. संकलनाच्या टेबलावर माणूस सोडायला शिकतो. दृश्य सुंदर असतं, मेहनतीनं टिपलेलं असतं. पण गोष्टीला नको असतं. मग ते जड मनानं काढावं लागतं. दुसऱ्याचं काम आपलं मानून केलं, की हात असा बसतो. स्वयंपाकात, शेतात, शाळेतही तसंच.

आज आपल्या शहरात एखादी मुलगी पहिल्या सिनेमाची वही उशाशी घेऊन झोपली असेल. आईबाबांनो, तिला ‘कधी होणार तुझं?’ असं विचारू नका. तिचा हात बसू द्या. ती उठली की चहा द्या, आणि म्हणा, वहीतलं एक पान वाचून दाखव ना.