धुऱ्यावरचा रस्ता आणि आप्ताची साक्ष

अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवीच्या हेमाडपंती देवळात शके 1098 चा, म्हणजे इ.स. 1176 च्या सुमाराचा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षं दगडानं अक्षरं जपली, पण दगडाला त्यातला मजकूर ठाऊक आहे असं कुणी म्हणणार नाही. मग साठवण म्हणजे ज्ञान नव्हे, तर ज्ञान असतं कुठे?

हा प्रश्न आज वकिलांच्या मोठ्या कचेऱ्यांत रोजचा झाला आहे. मुंबईच्या सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मनं 2017 मध्ये करार तपासायला ‘किरा’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेतली, 2023 मध्ये ‘हार्वी’. अशा फर्ममध्ये निवाडे वाचून टिपणं करणारी, नमुने अद्ययावत ठेवणारी माणसं एकीकडे असतात आणि शोधयंत्रणा उभारणारे तंत्रज्ञ दुसरीकडे. दोघांचं जमलं नाही, तर यंत्र भराभर उत्तरं देतं, पण त्यांवर विसंबायचं कसं, हे कुणालाच सांगता येत नाही.

न्यायदर्शनानं या गोष्टीचा फार बारकाईनं विचार केला आहे. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, मानत नाहीत. आठवण खरी असली, तरी ती आधीच्या अनुभवाच्या आधारावर उभी असते. शब्दाला मात्र ते प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे असंही म्हणतो की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे अधिकार कुळातून येत नाही, जाणण्यातून येतो. यंत्राकडे स्मृती अफाट आहे. त्याच्या मागे आप्त कोण, हे विचारायलाच हवं.

वऱ्हाडातलं रोजचं प्रकरण घ्या. शेतकरी वकिलाकडे येतो: “साहेब, शेजाऱ्यानं धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता बंद केला.” ‘शेतरस्ता’ असा शोध घेतला, तर दोन वाटा समोर येतात. रस्ता आधीपासून वहिवाटीत होता आणि आता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. रस्ता नव्हताच, धुऱ्यावरून नवा हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143. दोन्हीकडे अर्ज तहसीलदारापुढेच जातो, म्हणून घोळ सहज होतो आणि घोळात सहा महिने निघून जातात. जाणता वकील पहिल्यांदा विचारतो, “रस्ता आधी होता का? कधी अडवला?” हा प्रश्न टिपणात असला पाहिजे आणि तंत्रज्ञानं त्यासाठी शोधाच्या अर्जात सक्तीचा रकाना ठेवला पाहिजे. प्रश्न कोणता, हे तंत्रज्ञाला एकट्याला कळणार नाही. विचारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, ही सोय वकिलाला एकट्याला करता येणार नाही. खरं सहकार्य या एका रकान्याएवढं लहान असतं.

ते नसलं की काय होतं, हे ऑक्टोबर 2025 मध्ये दिसलं. आयकर आकारणीच्या एका आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं आणि तो आदेश रद्द झाला. निवाड्यांची नावं होती, त्यांच्यामागे ते वाचलेला माणूस नव्हता.

जुन्या काळी ही साक्ष नावानिशी मिळे. पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. ‘व्यवहारमयूखा’च्या संपादनातून सुरू झालेला त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत पुरा झाला. प्रत्येक तळटिपेपाशी थांबून तपासता येईल असं ते काम आहे. नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी विश्वासानं उघडला, कारण निवाड्याच्या माथ्यावरचं सारांश-टिपण कुणीतरी निवाडा वाचून लिहिलेलं असे.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा प्रत्येक कचेरीतली जुनी टिपणं एका रात्रीत शिळी झाली. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, हे तक्ता सांगतो. पण राजद्रोहाचं जुनं 124अ आणि नवं 152 यांची भाषाच वेगळी आहे. तिथे यंत्रानं दोन्ही कलमं शेजारी मांडावीत आणि ती वाचलेल्या वकिलानं टिपणाखाली आपलं नाव व तपासल्याची तारीख घालावी.