सरचार्जाचं पुण्य

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचा अर्ज भरताना व्हिसाच्या फीखेरीज आणखी एक रक्कम मोजावी लागते, तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून: इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. माझा एम.ए.चा कोर्स वर्षाचा. व्हिसा वरचे चार महिने धरून मिळतो आणि त्या चार महिन्यांना अर्ध्या वर्षाचा दर लागतो. एकूण ११६४ पौंड, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, तेही एकरकमी आणि तिकडे पाऊल ठेवायच्या आधी. बाबांनी कार्ड काढता काढता विचारलं, "तू आजारी पडलीच नाहीस, तर परत देतात का गं?" नाही देत. व्हिसा नाकारला तर देतात.

"मग दान समजायचं," आई म्हणाली.

मी शेफील्डला तत्त्वज्ञान शिकते, त्यामुळे असली वाक्यं डोक्यात घोळवत बसणं हा माझा अभ्यासच आहे. हे दान नाहीच, असं माझं पहिलं मत झालं. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटलंय, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेल्याला राजस. त्या दिवशीचं आमच्या घरातलं वातावरण पाहता आम्ही राजसात जेमतेम बसलो असतो. आणि नाही म्हणायची सोयच नसेल, तर पुण्य कसलं?

पण हा सगळा विचार देणाऱ्याच्या बाजूने झाला. घेणाऱ्याची बाजू मी मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी पाहिली आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली ही योजना. तिचा लाभ मिळवायला मामा रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता. भिंतीवर दात्यांची संगमरवरी पाटी, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव. मावशी येईल-जाईल त्याला हात जोडत होती, वॉर्डबॉयलासुद्धा.

शेफील्डला डिसेंबरात मला न्यूमोनिया झाला. रुग्णालयात राहिले, एक्स-रे झाले, घरी सोडलं. बिलाची खिडकी शोधत मी उगीचच थांबले होते. नंतर जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, लिहून दिलेल्या औषधाचे तेवढे ९.९० पौंड लागले. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली ब्रिटनची ही सरकारी आरोग्यव्यवस्था मुख्यतः करांवर चालते, म्हणजे सक्तीच्या पैशांवर. म्हणूनच माझ्या खाटेवर कुणाचं नाव नव्हतं आणि मला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. सक्तीमुळे देणाऱ्याचं पुण्य जातं, पण घेणाऱ्याची लाजही जाते. हा सौदा मला मान्य आहे.

अशा सक्तीच्या देण्याला आपल्याकडे ऋण म्हणता येईल. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितरांच्या ऋणांबरोबर चौथं ऋण सांगितलंय, माणसांचं. ते आपण सोयीस्कर विसरतो. ऋण फेडण्यात पुण्य नाही, तसे उपकारही नाहीत.

माझी तक्रार वेगळीच आहे. ते चौथं ऋण फेडायचं ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन. ब्रिटनमध्ये दारात आलेल्या पाहुण्याकडूनच आगाऊ वसुली होते. माझी इंग्रज मैत्रीण सरचार्ज भरत नाही. तिचे आईवडील कर भरतात, हे खरं. पण मी बूट घेतले तरी २० टक्के व्हॅट माझ्याकडूनही जातो. २०१५ मध्ये हा सरचार्ज सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांना १५० पौंड होता, आता पाचपटीहून जास्त झालाय. सक्ती असावी, पण परक्याने दोनदा भरावं हा धर्म नव्हे, हा गल्ला आहे.

तरीही यंदा तिकडे शिकायला जे निघाले आहेत त्यांनी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवावं. दात आणि चष्मा मात्र भारतातूनच करून जा, त्यांचे पैसे तिकडे वेगळे पडतात.