पाणी कुणाच्या नावावर?

शाळेच्या भूगोलात संसाधनांची एक वाटणी पाठ करून घेतात. कोळसा, खनिज तेल, धातूंची खनिजं ही संपणारी; ऊन, वारा, जंगल आणि पाणी ही पुन्हा पुन्हा मिळणारी. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण मराठवाड्यातल्या एखाद्या शिवारात ऐन मार्चमध्ये बोअरची गाडी उभी असते, चारशे फुटांवरही नुसता फुफाटा वर येत असतो आणि शेतकरी म्हणतो, "अजून शंभर फूट जाऊ द्या." तिथे पाणी कोळशाच्या रांगेत कधीच जाऊन बसलेलं असतं. एखादी गोष्ट संपणारी की पुरून उरणारी, हे तिच्या अंगच्या गुणावर ठरतं तेवढंच घेणाऱ्याच्या हातावरही ठरतं.

आपल्या राज्याची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन बेसाल्टच्या कातळावर वसली आहे. गंगेच्या मैदानात गाळाचे जाड थर आहेत, तशी सोय इथे नाही. वरचा मुरूम, झिजलेला खडक आणि कातळातल्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी मुरतं. पावसाळ्यात ते भरतं, उन्हाळ्यापर्यंत उपसलं जातं. खोलवर भेगांमध्ये पाणी सापडतं, पण थोडं, आणि ते भरतंही फार सावकाश. शिवाय या भेगा शेताच्या बांधाला जुमानत नाहीत. वरच्या शेतातली बोअर जोरात चालली की खालच्या शेतातली आजोबांच्या वेळची विहीर तळ गाठते. पंप एकाचा, पाणी सगळ्या शिवाराचं, अशी ही गोष्ट आहे.

कायद्याने मात्र ती तशी कधी पाहिली नाही. १८८२चा इंग्रजांच्या काळातला सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचं पाणी काढण्याचा हक्क देतो. म्हणजे ज्याची जमीन, त्याचं पाणी. आणि ज्याला जमीनच नाही, त्याचं? त्या प्रश्नाला या कायद्यात जागाच नाही. उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्यांत भूमिहीन घरं किती असतात, ते कुठल्याही गावात जाऊन पाहावं.

गेल्या काही दशकांत आपण पाणी अडवायला शिकलो, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. समतल चर, माती नालाबांध, पाझर तलाव, सिमेंटचे बंधारे यांसाठी लोक रोजगार हमीवर राबले, श्रमदानाला उतरले. पण अडवलेलं आणि जिरवलेलं पाणी पुढे कुणी उपसायचं, याचा नियम बहुतेक ठिकाणी केलाच नाही. मग ज्याच्याकडे सर्वांत खोल बोअर आणि मोठा पंप, त्याच्या शेतात सगळ्यांचे श्रम जाऊन पोचतात. शेततळ्यांचंही तेच झालं. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी ती कल्पना आली. आज द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली मोठाली तळी विहिरीतून आणि बोअरमधून भरून घेतली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं सामाईक पाणी उपसून उन्हात आणायचं, थोडं हवेत उडू द्यायचं आणि उरलेलं एकट्याचं करायचं, याला जलसंधारण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणूनच विलासराव साळुंखे यांची आठवण ठेवणं मला गरजेचं वाटतं. पुण्यातले हे अभियंते आणि कारखानदार १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात हिंडले. शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडत होते आणि त्यांची जमीन तशीच पडून होती. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कसायला घेतली. माळावर बांधबंदिस्ती केली, खाली पाझर तलाव घेतला, त्याच्या पायथ्याशी विहीर. माळ पिकू लागला. एवढ्यावर थांबले असते तर ते एक यशस्वी प्रयोगशील शेतकरी ठरले असते. त्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: हे पाणी वाटायचं कसं? त्या उत्तराचं नाव पाणी पंचायत.

तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या हिशोबाने मिळायचं नाही, माणसांच्या हिशोबाने मिळायचं. घरातल्या प्रत्येक माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची. खर्चाचा पाचवा भाग शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. उसासारखं बारमाही तहानलेलं पीक घ्यायचं नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

या शेवटच्या नियमापाशी मी नेहमी थबकतो. ज्याच्याकडे ओंजळभर माती नाही, त्याला पाण्याचा हक्क देऊन करायचं काय, असं व्यवहारी माणूस विचारेल. पण हातात पाणी असलं की तो जमीनवाल्यासमोर बरोबरीने बसू शकतो. तुझी जमीन, माझं पाणी, पीक वाटून घेऊ, असं म्हणू शकतो. ज्या हातांनी समतल चर खोदले, ते हात त्या पाण्याचे मालकही होतात. मला तरी यापेक्षा मोठी क्रांती पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही, आणि ती एका अवर्षणप्रवण तालुक्यात, उपसा सिंचनाच्या पाइपांमधून, बैठका घेत घेत झाली. साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत; वीज, दुरुस्ती, गटातले वाद अशा अडचणी आल्याच. तरीही त्यांनी मांडलेल्या हिशोबाला कुणी नैतिक उत्तर दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे शहाणपण आपल्या मातीला नवखंही नव्हतं. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून ठरल्या पाळीनेच. पाणी कमी असलं की त्या वर्षी काही फड कोरडे ठेवायचे. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत, त्यामुळे तूट एकाच्याच उरावर बसत नसे. टंचाईसुद्धा वाटून घेतली जाई.

आजच्या काळात हिवरे बाजारने ते करून दाखवलं. नगर जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या गावात पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, आणि पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती झाला, पिण्याला किती, जनावरांना किती, मग उरलेल्यात कोणती पिकं. आधी पाणी मोजायचं आणि मग पेरायचं, एवढा क्रम बदलला.

इथे शेतकऱ्याला दोषी धरून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. ऊस लावणारा माणूस हावरट नसतो. उसाला ठरलेला दर आहे, उचलणारा कारखाना आहे. ज्वारी-तुरीला तेवढी खात्री कुणी दिली? राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून अधिक. ही रचना बांधावर ठरलेली नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच जिल्ह्यात त्याआधी कित्येक वर्षं ऊस आणि साखर कारखाने वाढत आले होते. आणि आपण शहरातले? सोसायटीच्या फाटकात उभा राहणारा टँकर कुठल्या विहिरीवर भरला, त्या विहिरीभोवतीच्या शेतांचं काय झालं, हे विचारणं आपल्यालाही लागू आहे.

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता येतील, असा तिचा आशय. ती व्याख्या भाषणांत खूप येते. मात्र तिच्यात गरजा हा शब्द आहे, आणि त्याच आयोगाने गरिबांच्या गरजांना पहिला मान दिला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढच्या पिढीसाठी पाणी राखायचं म्हणताना शेजारच्या घरातली आजची पिढी तहानलेली ठेवली, तर ते राखणं कुणासाठी?

महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरहून खोल, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपलीकडच्या, विहिरी घ्यायला मनाई केली आहे. तो २०१४ साली लागू झाला, आणि बोअरच्या गाड्या आजही पाचशे-सातशे फूट जातात. कायदा हवाच, पण प्रत्येक बोअरपाशी पोलीस उभा राहणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा मात्र राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी ठरल्या वेळी मोजते, त्यातली एक मोजणी पावसाळा सरल्यावर असते. तो आकडा यंदा आपल्या पाणलोटातल्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला हवा, रब्बीची पेरणी व्हायच्या आत. आणि त्याच सभेत हिशोबाला बसताना सातबाऱ्यांची यादी बाजूला ठेवून आधी घरांची यादी घ्यावी, म्हणजे जमीन नसलेल्या घरांची नावंही तीत येतील.