एकाच मैदानावरचे दोघे

लोणावळ्याचा जुलै महिना. मिस्सा संपली तरी पावसाने कोणालाच घरी जाऊ दिले नाही. पायऱ्यांवर छत्र्या मिटून सगळे उभे होते. तेव्हा एका माउलीने आम्हांला हळूच विचारले, "दोघांना सारखंच वाढवलं हो. शाळा एक, धर्मशिक्षणाचा वर्ग एक, ताटात वाढलेलंसुद्धा सारखंच. थोरला मार्गी लागला आणि धाकट्याचं हे असं झालं. आमचं काय चुकलं?"

त्या कोण, हे सांगण्याची गरज नाही. हा प्रश्न खंडाळ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंत आपल्या कितीतरी घरांत आहे. आम्ही "देवावर भरवसा ठेवा" असे काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली, छत्री उघडली आणि निघाल्या. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते फार लवकर दिले गेले, असे आम्हांला घरी आल्यावर वाटू लागले.

आई-बापांच्या कामाचे मोजमाप करायचे कसे? तिथे गुणफलक नसतो. तो असतो खेळाच्या शिक्षकाच्या कामाला. किती सामने जिंकले, किती हरले, कोणता खेळाडू कुठवर गेला, सगळे आकड्यांत लिहिलेले. म्हणून आम्ही ठरवले, आधी तिथे हा प्रश्न विचारून पाहू.

आपली मुले जो बास्केटबॉल खेळतात, तो 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जन्मला. कॅनडात जन्मलेल्या जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. नेस्मिथ ईश्वरविज्ञान शिकलेला होता, पुढे डॉक्टरही झाला. 1898 मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनामंदिर असे दोन्ही सांभाळायला गेला आणि तिथल्या मुलांच्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. 1907 पर्यंत त्याच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या विद्यापीठाच्या संघाला आजवर लाभलेल्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणे जास्त असलेला हा एकटाच, म्हणजे ज्याने खेळ शोधला तोच! पण त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठात 39 हंगाम प्रशिक्षक होता आणि अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षकांत गणला गेला. मग नेस्मिथच्या वहीत काय लिहायचे? 60 पराभव, की एक ॲलन?

बहुतेकजण म्हणतील, ॲलन. शिष्यावरून गुरू ओळखावा, असे आपल्याकडेही मानतात. पण हे माप आपण नेहमी यशस्वी शिष्यालाच लावतो, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. ती पाहायला अमेरिकेत राहायची गरज नाही. घाट उतरून मुंबईला, दादरच्या शिवाजी पार्कवर गेले की पुरे.

रमाकांत आचरेकर 1932 साली मालवणात जन्मले. स्वतः त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेणीचा एकच सामना आला. बाकीचे आयुष्य गेले दुसऱ्यांच्या मुलांना खेळवण्यात. नेटमध्ये तासन् तास घालवण्यापेक्षा सामन्यात मूल शिकते, असे त्यांचे मत. म्हणून सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळी मुलगा दमला की यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच करू शकले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत. सरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले.

आता दुसरा मुलगा. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा सामना. शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अखंड भागी केली. तेंडुलकर नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349. धावा दुसऱ्याच्या जास्त! सर एकच, शाळा एक, खेळपट्टी तीच. कांबळी कसोटीत आले तेव्हा 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत त्यांनी द्विशतके केली. 17 कसोटींत सरासरी 54 च्या वर. आणि 1995 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शेवटची कसोटी. तेंडुलकर 2013 पर्यंत, 200 कसोटी खेळले.

तेंडुलकर घडवल्याचे श्रेय आचरेकर सरांना द्यायचे असेल, तर कांबळींची कारकीर्द लवकर आटोपली त्याचा दोषही त्यांनाच द्यावा लागेल. हिशेब म्हटला की जमा आणि खर्च दोन्ही आले. पण असा दोष सरांना कोणी देत नाही, आणि देऊही नये. निवड समिती, दुखापत, वय, स्वभाव, संगत, निव्वळ योगायोग, यांतले किती त्यांच्या हातात होते? मग तोच न्याय पहिल्यालाही लावायला हवा. तेंडुलकर महान झाले, तेही सगळे सरांच्या हातात नव्हतेच.

म्हणजे शिक्षकाच्या हाती काहीच नाही का? असे म्हणून सुटता येणार नाही. संत थॉमस आक्विनास यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. बरे होते ते शरीर, आपल्या अंगच्या शक्तीने. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. पण वैद्याने चुकीचे औषध दिले, किंवा रोग्याकडे पाहिलेच नाही, तर तो जबाबदार असतोच. आचरेकर सर शिष्याला कधी "छान खेळलास" म्हणत नसत. आपल्या निरोपाच्या भाषणात तेंडुलकरांनी हे हसत सांगितले होते: आता सामने उरले नाहीत, तेव्हा सरांनी तेवढे म्हणायला हरकत नाही. एका मुलाला असे मौन पुढे ढकलते. दुसऱ्या एखाद्याला त्याच मौनाने वाटू शकते, की आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही. मैदानावर काय घडले ते आम्ही पाहिलेले नाही, म्हणून सरांविषयी इथे काही ठरवत नाही. आम्ही पाहतो आहोत आमच्याकडे. "दोघांना सारखेच वाढवले" हे आपण अभिमानाने सांगतो. पण मुले सारखी नसतील तर सारखी वागणूक न्यायाची ठरते का? एकाला धाक लागतो, दुसऱ्याला जवळ बसवावे लागते. हे वेळीच ओळखले नाही, तर ती चूक आपली, आणि ती पापनिवेदनात सांगण्यासारखी आहे. मात्र ओळखून, जमेल तेवढे करूनही मूल वेगळ्या वाटेने गेले, तर ते ओझे आपले नव्हे. या दोन गोष्टींतली रेघ कुठे आहे, हे ज्याचे त्यालाच रात्री जागून शोधावे लागते. शेजाऱ्यांना ती दिसत नाही, आणि बाहेर उभे राहून ती ओढण्याचा अधिकारही त्यांना नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही घर एक आणि मुलगे दोन. आजवर इतक्या प्रवचनांत आम्ही तो ऐकला, पण "बापाचे संगोपन कुठे चुकले" असे कोणी विचारल्याचे आठवत नाही. थोरला तरी कुठे नीट होता? अंगणात येऊन रुसून उभा राहिला. त्यालाही आत बोलवायला बापच बाहेर गेला.

3 डिसेंबर 2024 रोजी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. कांबळींची प्रकृती बरी नव्हती, ते व्यासपीठावर बसून होते. तेंडुलकर स्वतः उठून त्यांच्याकडे गेले आणि कांबळींनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. नंतर त्यांनी सरांच्या आठवणीत जुन्या हिंदी चित्रपटातले एक गाणे म्हटले. सरांच्या नावाच्या दगडासमोर दोन्ही शिष्य होते. तिथे कोणाच्या किती धावा, हे त्या क्षणी कोणी मोजले नसेल.

त्या माउलीने पायऱ्या उतरताना आणखी एक सांगितले होते. धाकटा महिन्या-दोन महिन्यांतून पुण्याहून शेवटच्या लोकलने येतो, न कळवता. म्हणून त्या रोज रात्री एका माणसाचे जेवण झाकून ठेवतात. पावसाच्या आवाजात आम्ही ते नीट ऐकले नव्हते.