कोरडी न्हाणी

घरातील बहुतेक खोल्या धुळीने मळतात, न्हाणीघर मात्र पाण्याने मळते, आणि ज्या पाण्याने ते मळते त्याच पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या की ते स्वच्छ झाले असे मानण्याची सवय मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की ‘बाथरूम धुणे’ आणि ‘बाथरूम स्वच्छ करणे’ हे दोन प्रयोग सर्रास एकाच अर्थाने केले जातात. वास्तविक ही दोन वेगळी कामे असून दुसरे पुरे व्हावयाचे तर पहिल्याच्या अखेरीस ओतलेले सगळे पाणी काढून टाकावे लागते, आणि नेमका हाच शेवटचा भाग बहुतेक घरांत राहून जातो.

या सवयीला इतिहास आहे. कोकणातील जुन्या घरात न्हाणी असे ती परसदारी, विहिरीच्या अंगाला. तेथे चुलाणावर पाणी तापे, आणि न्हाणीतील सांडपाणी पन्हळीतून केळीच्या, अळवाच्या किंवा माडाच्या बुंध्याशी जाई. देशावर बंब आणि घंगाळ आले, चाळीत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी आली, तरी घरातल्यांच्या आंघोळी सकाळी एकदा उरकत आणि मग ती जागा बराच वेळ मोकळी राही. परसदारच्या न्हाणीचा दगड तर दुपारच्या उन्हात खडखडीत वाळे, म्हणजे स्वच्छतेचे अर्धे काम कोणाच्या नकळत ऊनवाराच करून टाकी. आजच्या सदनिकेतील न्हाणीघर शयनगृहाला चिकटलेले, कोंदट डक्टकडे तोंड केलेल्या एका लहानशा झरोक्याचे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी वापरात ठेवलेले असते. दोन बादल्यांची रीत तिच्या मूळ जागी चुकीची नव्हती. जागा बदलली, रीत तीच राहिली.

न्हाणीघरातील डाग एका जातीचे नसतात, आणि डागाची जात न ओळखता ब्रश हाती घेणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय. सर्वांत परिचित डाग तो नळावर, टाइलवर आणि शॉवरच्या छिद्रांवर साचणारा पांढरट, खरखरीत थर. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले असतात त्याला जड किंवा कठीण पाणी म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती परीक्षा. हे क्षार पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात. पाणी तापले किंवा थेंब जागच्या जागी वाळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रासायनिक दृष्ट्या चुनखडीच, उरते. गीझरच्या कॉइलवरची पुटे आणि नळावरची पुटे अशी एकाच कुळातली आहेत. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतींत हा थर पाहता पाहता जमतो, तर धरणाचे पाणी थेट मिळणाऱ्या वस्तीत तो पुष्कळच कमी असतो. त्याच्या जोडीला येतो साबणाचा चिकट, करडा थर. साबण हा मेदाम्लांचा सोडियमयुक्त क्षार असतो, आणि जड पाण्यातील कॅल्शियमशी गाठ पडताच त्यापासून पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो. म्हणून असा थर पुन्हा साबणानेच धुऊ पाहणे हे आगीत तेल ओतण्यासारखे ठरते.

दोन्ही थरांवर आम्लाची मात्रा चालते. लिंबातील सायट्रिक आम्ल आणि व्हिनेगरमधील अ‍ॅसिटिक आम्ल ही सौम्य आम्ले या कामाला पुरेशी असतात, आणि पितळी नळ चिंचेने घासणाऱ्या जुन्या गृहिणीला हे रसायन नावानिशी ठाऊक नसले तरी कृतीने पाठ होते. मात्र चुनखडीला विरघळवणारे आम्ल चुनखडीची फरशीही तितक्याच तत्परतेने खाते. कर्नाटकातील शहाबादच्या नावाने ओळखली जाणारी शहाबादी फरशी आणि ओट्याला वापरतात तो काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत. संगमरवरही त्याच कुळातला. शहाबादी मोरीवर अ‍ॅसिड ओतले की फेस येतो, आणि तो पाहून मळ निघत असल्याचे समाधान वाटते, पण निघत असतो तो दगड. फरशी काही वर्षांनी खडबडीत होते, त्या खडबडीत अंगात मळ अधिक घट्ट बसतो, आणि मग अधिक अ‍ॅसिड लागते. टाइलच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटचीही हीच गत होते. त्यामुळे आम्ल वापरावे ते चकचकीत टाइल, चिनी मातीचे भांडे आणि नळ यांपुरतेच, आणि तेही मोजक्या वेळापुरते.

दुसऱ्या जातीचे डाग सजीव असतात. सांध्यांतून पावसाळ्यात उमटणारे काळे ठिपके ही बुरशी असते, आणि बादलीच्या कडेला, साबणदाणीत किंवा बेसिनच्या भोकाभोवती दिसणारी गुलाबी, बुळबुळीत साय ही पुष्कळदा सेरॅशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूची वसाहत असते. या जिवाणूची ओळख मोठी रंजक रीतीने पटली. १८१९ मध्ये इटलीतील पादुआजवळच्या लेन्यारो गावी मक्याच्या पिठाची शिजवलेली पोलेंटा रक्तासारखी लाल होऊ लागली आणि गावकऱ्यांनी त्यात सैतानाचा हात पाहिला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने प्रयोग करून हा रंग एका सूक्ष्म जीवाचा असल्याचे दाखवले आणि त्या जीवाला सेराफिनो सेर्राती या शास्त्रज्ञाचे नाव दिले. धडधाकट माणसाला त्याचा सहसा उपद्रव होत नाही, परंतु रुग्णालयातील अशक्त रुग्णांमध्ये तो संसर्ग घडवतो, एवढे त्याच्याविषयी सावध राहण्यास पुरे आहे. असे जिवाणू एकेकटे राहत नाहीत; ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून पृष्ठभागाला धरून बसतात, ज्याला जैवपटल म्हणतात, आणि नुसत्या पाण्याच्या धारेने हे पटल निघत नाही. त्याला घासावे लागते, आणि पुन्हा येऊ द्यायचे नसेल तर त्याचे पाणी तोडावे लागते.

कामाचा आरंभ म्हणूनच कोरड्याने करावयाचा असतो. बादली, तांब्या, स्टूल, साबण आणि फळीवरच्या सगळ्या बाटल्या आधी बाहेर काढाव्यात, कारण प्रत्येक बाटली आपल्या बुडाखाली एक कडे राखून असते. मग फरशी कोरडी असतानाच केस झाडून घ्यावेत. कोरडा केस केरसुणीबरोबर मुकाट्याने येतो, ओला केस फरशीला चिकटतो, साबणाच्या थरात गुंततो आणि अखेर जाळीखाली जाऊन गुंत्याचे बूच होतो. त्यानंतर वरून खाली यावे: बटण बंद करून एक्झॉस्ट पंख्याची पाती, झरोक्याच्या काचपट्ट्या, भिंतीच्या टाइल, नळ, बेसिन, शेवटी कमोड आणि मग फरशी. द्रावण लावल्यावर थांबावे, हा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे. घासण्याचा निम्मा शीण हा न थांबल्याचा दंड असतो.

नळाच्या बुडाशी, तो भिंतीला मिळतो तेथे, बोटभर जागेत हे सगळे नीट पाहता येते. तेथे पांढरे, मधूनच हिरवट झाक मारणारे कडे जमलेले असते. जुन्या धोतराची किंवा साडीची चिंधी लिंबाच्या रसात भिजवून त्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवली, तर कडेने बारीक बुडबुडे दिसू लागतात, ते कार्बन डायऑक्साइडचे असतात, आणि चिंधी सोडल्यावर दगडासारखे कडे साबुदाण्याच्या खळीइतके मऊ झालेले आढळते. मग दातांचा जुना ब्रश पुरतो. तारेची घासणी येथे घेऊ नये, कारण ती मुलाम्यावर चरे पाडते आणि पुढच्या थराला पाय रोवायला जागा करून देते. आणि आम्लाचे काम झाले की नळ लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावा, अन्यथा मुलामा काळवंडतो. बादली उलटी करून तिच्या बुडाखालून हात फिरवणे हीही एक उत्तम परीक्षा आहे: वरून लख्ख दिसणारी बादली खालून बुळबुळीत लागली, तर त्या घरात न्हाणीघर धुतले जाते पण वाळत नाही, असे खुशाल समजावे.

जंतुनाशकाची पाळी मळ निघाल्यावर येते, आधी नाही. ब्लीच म्हणून मिळणाऱ्या द्रवात सोडियम हायपोक्लोराइट असते, आणि मळ, साबण, केस यांसारख्या पदार्थांवरच ते खर्ची पडले तर जंतूंसाठी काही उरत नाही. स्वच्छ पृष्ठभागावर ते बाटलीवरील सूचनेप्रमाणे पातळ करून लावावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग धुवावे. अधिक दाट केल्याने अधिक गुण येतो हा समज निराधार आहे. संडासासाठी मिळणाऱ्या अनेक द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि हे आम्ल व ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तोच वायू जो २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र येथे खंदकांवर सोडला होता. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड असल्यामुळे खाली बसतो, आणि न्हाणीघरात खाली कोण बसलेले असते याचा विचार करणे भाग आहे: उकिडवे बसून फरशी घासणारी व्यक्ती.

ती व्यक्ती पुष्कळ घरांत घरातली नसते. हे काम कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ जातीने सोडवलेला होता, आणि १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असलेल्या गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचे काम मागितले तेव्हा जन्माने ब्राह्मण म्हणून त्यांना ते नाकारले गेले; त्यांनी त्यासाठी अन्न सोडले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधींनीही डिसेंबरात उपवास आरंभला. आता ती व्यवस्था पुष्कळ ढिली झाली आहे असे म्हणतात. तरीही दार लोटून घेऊन, झरोका बंद असताना, मोलकरणीच्या हाती अ‍ॅसिडची बाटली आणि ब्लिचिंग पावडरीची पुडी एकदमच देणारी घरे आहेत, आणि हातमोजे मागितले तर ते चोचले ठरतात. घरमालकाने ते काम महिन्यातून एकदा स्वतः करावे; त्या दिवसापासून पंखा चालू राहतो आणि बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर जातात.

धुण्यानंतरचे काम पाच मिनिटांचे असते. भिंतीवरील पाणी वायपरने वरून खाली ओढावे, फरशीवरील पाणी दूरच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत न्यावे, बादली पालथी घालावी, ओला पंचा आणि पायपुसणे बाहेर वाळत टाकावे आणि दार उघडे ठेवावे. रोजच्या शेवटच्या आंघोळीनंतर एवढे केले तर आठवड्याच्या घासण्याला फारसे काही उरत नाही, कारण थेंबच राहिला नाही तर क्षार कशातून वाळणार आणि बुरशी कशावर जगणार.

या कोरड्या खोलीत पाणी साठून राहिलेच पाहिजे अशी एक जागा मात्र आहे. फरशीच्या जाळीखाली जे वाकडे भांडे बसवलेले असते त्याला भारतातील बांधकामशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ असेच म्हणतात, न्हाणी या देशी शब्दाने तेथे ठाण मांडले आहे. त्याच्या बाकात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभे असते आणि गटारातील दुर्गंधीला ते पाणीच अडवते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाच्या नळीला असाच बाक देऊन त्याचे पेटंट घेतले होते. घर महिनाभर बंद राहिले, विशेषतः उन्हाळ्यात, की हे पाणी उडून जाते आणि कुलूप उघडताच घाण वास येतो, त्यावर लोक फिनाइल ओततात. त्यासाठी जाळीवर एक तांब्या साधे पाणी पुरते.