मुद्रा कोणाची?

हिवरखेडपासून फारसा दूर नसलेल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावर १४८७ सालचा शिलालेख आहे. वऱ्हाडचा कारभार तेव्हा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याच्या हाती होता. लेखात राजा म्हणून नाव मात्र बिदरच्या महमूदशहा बहामनीचे. तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, हा सुभेदार स्वतंत्र झाला.

नाण्यांचीही हीच कथा. १४८१ मध्ये कर्तबगार वजीर महमूद गवान यास खोट्या आरोपावरून देहदंड झाला आणि बहामनी सत्तेला उतरती कळा लागली. महमूदशहा १५१८ पर्यंत तख्तावर होता. कारभार बरीद घराण्याने बळकावला होता. त्याच्यामागून चार नामधारी सुलतान झाले. तरी नाणी पडत राहिली ती याच सुलतानांच्या नावाने, आणि तीही बहुतांशी तांब्याची. स्वतंत्र झालेल्या सुभेदारांनीदेखील कित्येक दशके स्वतःच्या नावाचे नाणे सहसा पाडले नाही.

सत्ता एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हे असत्य नव्हे काय? कोणी म्हणेल, तांबे खरे, वजन खरे. कुणब्याला बाजारात मीठ मिळाले म्हणजे झाले. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. ओळखीचे नाव टिकले म्हणून नाण्यावरचा विश्वासही टिकला, आणि त्याचा लाभ गरिबालाही झाला असेल. परंतु नाण्यात खोट निघाली तर त्याने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? ज्याचे नाव, त्याच्या हाती काही नाही. ज्याच्या हाती सर्व काही, त्याचे नाव कोठेच नाही. आमच्या मते असत्य आहे ते येथे.

प्रभू येशूने दिनार मागवून त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा, असे विचारले, तेव्हा लोकांना सरळ उत्तर देता आले. बिदरच्या नाण्याविषयी तसे देणे कठीण झाले असते.

आपणही पुष्कळदा पूर्वजांच्या नावावर जगतो. वडिलांच्या पतीवर घराला उधार मिळते. संस्थापकाच्या पुण्याईवर संस्थेला वर्गणी मिळते. जुने नाव चालविणे हे पाप नव्हे. त्या नावावर विश्वास ठेवून कोणी दाराशी आला असता, ‘ते आता राहिले नाहीत’ असे सांगून त्याला परत पाठविणे, हा मात्र अन्याय होय. नाव वारशाने मिळते. त्यावरचे देणे, ज्याच्या हाती कारभार असेल त्यानेच फेडावयाचे असते.