मास्क दिला होता

टाकीची बातमी सगळ्यांनी वाचली आहे, ती पुन्हा सांगण्यात हशील नाही. मैल्याची टाकी साफ करायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लागला. गेलेल्यांचे फोटो पासपोर्टाएवढे, वाहणाऱ्यांचे हात जोडून कमरेपर्यंत. पण डोकं उठलं ते साहेबांच्या खुलाशाने. सुरक्षा साधने पुरवण्यात आली होती, संबंधितांनी ती वापरली नाहीत.

म्हणजे आता खुलासा मेलेल्यांनी करायचा.

हे वाक्य कुठल्या तरी कार्यालयात कायमचं टाइप करून ठेवलेलं असावं. नाव आणि तारीख तेवढी भरायची. पुराव्याला वहीही असते. मास्क १, हातमोजे १ जोड, गमबूट १ जोड, पुढे अंगठा. शाई पुष्कळदा घटनेपेक्षा ताजी असते. आणि मास्क म्हणजे कोणता? करोनात कानाला अडकवून लोक भाजी आणायला जात, तोच. हायड्रोजन सल्फाइडला त्याचं काय होय! हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि उतरलेल्याला वाटतं, चला, वास गेला. आणखी वाढला की दोन-चार श्वासांत माणूस आडवा. मुळात हे काम यंत्राचं. माणूस उतरवायचाच झाला तर आधी वायू मोजायचा, ब्लोअर लावून हवा खेळवायची, तोंडाला बाहेरून हवा पुरवणारी नळी, अंगाला पट्टा, आणि दोराचं दुसरं टोक धरून वर माणसं उभी. त्याऐवजी कापडाचा तुकडा हातात ठेवून ‘साधने पुरवली’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला छत्री देऊन विहिरीत सोडणं.

गंमत अशी, की कायदा करणाऱ्यांना ही सबब आधीच ठाऊक असावी. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यात धोकादायक सफाईची व्याख्या करताना साधनं देणं आणि खबरदारी पाळली जाते की नाही हे बघणं, या दोन्ही गोष्टी मालकाच्या गळ्यात घातल्या आहेत. ‘दिलं होतं, त्याने घातलं नाही’ असं लिहून देणारा साहेब अर्ध्या गुन्ह्याची कबुलीच देत असतो, तीही लेटरहेडवर.

आणि दिलं होतं हे तरी खरं का? २०२२ आणि २०२३मध्ये गटारांत नि टाक्यांत मेलेल्यांपैकी ५४ जणांची प्रकरणं केंद्र सरकारच्याच सामाजिक अंकेक्षणात तपासली गेली. ४९ जणांच्या अंगावर कुठलंही सुरक्षा साधन नव्हतं. ४७ प्रकरणांत यंत्रं आणि साधनं पुरवलीच नव्हती. वह्या मात्र कुठे ना कुठे भरल्या गेल्या असतील.

बाकीच्या सबबी नेहमीच्याच. कंत्राटदाराचा माणूस होता, सोसायटीने परस्पर बोलावला, चौकशी चालू आहे. असो.

मुंबईत कामावर मेलेल्यांची आठवण ठेवतच नाहीत असं नाही. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, एकाच जहाजात. आणि धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावायचा लाल बावटा लावलेलाच नव्हता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजही त्या तारखेला त्यांना मानवंदना दिली जाते, देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो. त्यांनी डोक्याला काय घातलं होतं, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारूही नये. पण त्याच संध्याकाळी गोदीतले हमाल, कामगार, आसपासच्या वस्तीतली माणसं शेकड्यांनी गेली. त्यांचा आकडासुद्धा पुस्तकागणिक बदलतो. गणवेश आणि हजेरीपट असला की माणूस हुतात्मा होतो, नसला की ‘संबंधित’.

‘संबंधितां’साठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ती मिळवताना बायकोला पहिल्यांदा शाबीत करावं लागतं की नवरा तिथे कामालाच गेला होता. सहल म्हणून गटारात उतरणारे पुष्कळ असावेत, असा कार्यालयांचा समज दिसतो.

येत्या ४ मार्चपासून पुन्हा सुरक्षा सप्ताह. फ्लेक्स लागतील, घोषवाक्य स्पर्धा होईल, सुरक्षेची रांगोळीही निघेल. यंदा एक प्रात्यक्षिक ठेवायला हरकत नाही. खुलाशावर ज्यांची सही आहे त्यांनी, वहीत नोंदवलेला तोच मास्क लावून, शिडीच्या चार पायऱ्या उतरून दाखवाव्यात. साधने पुरवण्यात येतील. वापरायची की नाहीत, ते ज्याचं त्याने बघावं.